राखराणीशिवाय

ब्रोंकाने दार उघडलं आणि बहिणीला पाहताच पुन्हा अर्धं लोटलं. तेक्ला बाहेर बर्फात उभी होती, छातीशी कागदांचं जाडजूड पुडकं धरून.

“कोण आहे गं?” आतून आईने विचारलं.

“कोणी नाही. तेक्ला आलीये.”

“मग आत घे तिला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आलेल्याला कोणी परत पाठवतं का? एक ताट जास्तीचं मांडतो आपण, ते काय शोभेला? वाटसरूसाठीच ना? बसव तिथे.”

अशी तेक्ला स्वतःच्या घरात वाटसरूच्या ताटावर बसली. तक्रारीला जागा नव्हती. गाजलेल्या चार कादंबऱ्या तिच्या नावावर होत्या, आणि चारींमध्ये देशोदेशीची राज्यं जाळत फिरणारी राखराणी होती. ही राणी डावा पाय ओढत चालायची. तिच्या हनुवटीवर तीळ होता आणि किल्ल्यांचा जुडगा ती एप्रनच्या खिशात ठेवायची. हे सगळं कल्पनेतलं आहे, असं तेक्ला मुलाखतींमधून सांगत असे. पण गावाला डोळे होते. ब्रोंका पाय ओढत पावाच्या दुकानात शिरली की मागून कोणीतरी विचारायचंच, “राणीसाहेब, आज कोणाची राख?” मग ब्रोंकाने दुकान सोडलं आणि पुढे चर्चही सोडलं.

टेबलावर पांढऱ्या कापडाखाली येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून गवत पसरलेलं होतं आणि वर बशीत सणाची पापडी होती, कागदासारखी पातळ. सणाच्या उपवासाने सकाळपासून तिघींच्या पोटात काही नव्हतं. प्रत्येकीने प्रत्येकीच्या हातातला तुकडा मोडायचा, वर्षभराच्या चुकल्यामाकल्याची तोंडाने माफी मागायची, आणि मगच चमचा उचलायचा. आईने तेक्लाबरोबर मोडला. तिचे मुके घेतले, रडली, नाक पुसलं. आता ब्रोंका राहिली.

तेक्लाने पुडकं पुढे सरकवलं. “आधी हे बघ. शेवटचा भाग आहे. अजून कोणालाच दाखवला नाही. ब्रोंका, यात राखराणी नाहीये.”

“मेली वाटतं?”

“नव्हतीच कधी. नायिका तिला शोधत सगळं रान पालथं घालते आणि शेवटी तिला कळतं की राज्य तिने स्वतःच जाळलं. तिच्या गर्वाने जळलं. दुष्ट असं कोणी नव्हतंच, तीच होती...” माफीचा एक शब्द तोंडातून निघेना म्हणून बाईने हजार पानं लिहिली होती. लेखक मंडळींचं हे असंच असतं.

ब्रोंकाने एप्रनला हात पुसले. बोटाला थुंकी लावून तिने थोडी पानं सुरुवातीची वाचली, थोडी मधली, थोडी शेवटची. बराच वेळ गेला. भांड्यातलं बिटाचं सार गार झालं. आई एकदा त्या भांड्याकडे बघे आणि एकदा लेकींकडे.

“मी कुठे आहे यात?” ब्रोंकाने विचारलं.

“तू नाहीस. तेच तर सांगतेय...”

“म्हणजे आधी मी वाईट होते, पण होते तरी. आता मला काढूनच टाकलंस. तुझा गर्व, तुझं रडणं, तुझा पश्चात्ताप. पानापानावर तूच आहेस, बाई.”

तेक्लाला भीती वाटली, खरीखुरी. आई थकली होती. आज ही पापडी मोडली नाही तर पुन्हा या दारात यायला तोंड उरणार नव्हतं.

ब्रोंकाने पापडीचा तुकडा उचलला आणि तिच्यासमोर धरला. “माग. तो कागद बाजूला ठेव आणि तोंडाने माग.”

तिचा हात थरथरत होता. बोटं बिटाने लाल झाली होती, आणि त्या लाल बोटांत तो पांढरा तुकडा हलत होता. तेक्लाची नजर तिथेच खिळली.

“बघतेयस,” ब्रोंका म्हणाली.

“काय?”

“माझा हात कसा थरथरतोय ते. उद्या लिहिशील.”

“नाही गं! आईची शपथ!”

“मला मध्ये आणू नका,” आई म्हणाली. “मला भूक लागलीये.”

तेक्लाला रडू फुटलं. “मी काय करू, ब्रोंका? मला असंच दिसतं. दुसरं काही येतच नाही मला. तू सांग ना, काय करू मी?”

ब्रोंकाने हात खाली घेतला नाही.

“डोळे मिट,” ती म्हणाली. “डोळे मिट आणि साधं काहीतरी बोल. लहानपणी माझी बाहुली मोडलीस की बोलायचीस ना, तसं.”

तेक्लाने डोळे मिटले. अंधारात तळलेल्या माशाचा वास येत होता. पोरंसोरंही म्हणतात तो एवढासा शब्द ती शोधू लागली. त्याच्याऐवजी एक वाक्य आलं, लाल बोटांचं. ते तिने दातांखाली दाबलं. तर दुसरं आलं, गवतावरच्या पांढऱ्या कापडाचं. तेही तिने परतवलं.

“बोल ना,” ब्रोंका म्हणाली. आता तिच्या आवाजात विनवणी होती. “तेक्ला, बोल गं. हात दुखतोय माझा.”

तेक्ला डोळे घट्ट मिटून बसली होती. एकामागून एक वाक्यं येत होती, आणि सगळीच सुंदर होती.