पायगुण

नाल्याकाठच्या दोऱ्यांवर एकोणीस चादरी वाळत होत्या आणि एकूणएक पांढरीशुभ्र होती. पाण्याचा नमुना घ्यायला आलेल्या तपासनीस बाईंनी त्या सवयीने मोजल्या. पाणी घातक ठरलं, तर कारखान्याने वस्तीला नळ द्यायचा, असा कायदा होता. तीन वर्षांत ते एकदाही घातक ठरलं नव्हतं.

"मावशी, आज सगळ्या वस्तीनेच धुणं काढलंय?"

"मग काय! तुमचं पत्र आलं की कारखाना दोन दिवस घाण सोडत नाही. एरवी या पाण्याने पोरांच्या अंगावर फोड उठतात. तुमच्या पायगुणाने त्यांच्या आंघोळी तरी होतात, बाई. जरा महिन्याच्या महिन्याला येत जा की!"

आधी कळवण्याची सक्ती कायद्यात कुठेच नव्हती; ती नुसती कचेरीची रीत होती. ती मोडायचं काम बाई दर खेपेला पुढच्या खेपेवर ढकलत आल्या होत्या. त्यांनी भरलेली बाटली नाल्यात उपडी केली.

"येईन, मावशी. पण यापुढे कुणालाही न कळवता येईन."