वडिलांचा मुका रेडिओ

"सावकाश, ताई. ती तार चुकली तर चारही व्हॉल्व्ह जातील," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. जुने रेडिओ जमवणाऱ्यांचा मेळावा भरला होता, आणि सगळे खुर्च्या सोडून तिच्या टेबलाभोवती गोळा झाले होते.

धाकटी बहीण मान वर न करता तारा निवडत होती. या रेडिओला दोन बॅटऱ्या लागतात. लहान बॅटरी व्हॉल्व्ह, म्हणजे आतले काचेचे दिवे, तापवते; मोठी रेडिओला बोलायला लावते. मोठीची तार लहानीच्या जागी लागली की खेळ खलास. आणि तारांचे रंग तर केव्हाच उडालेले.

"सरक, मी लावतो. हे शिलाई मशीन नाही," थोरला भाऊ म्हणाला. तो मंडळातला पट्टीचा संग्राहक. घरात चाळीस रेडिओ, शिवाय मेले म्हणून भंगारात घातलेले अकरा वेगळे. वडिलांच्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा त्यानेच हा तिच्या पदरात टाकला होता. "व्हॉल्व्ह पेटतच नाहीत. मेलाय तो. ने तू." मग तिने रेडिओची लाकडी पेटी घासूनपुसून चकाचक केली आणि त्याच्या पोटात दुखू लागलं. मेळाव्यात रेडिओ बोलला नाही तर पेटी माझी, असं त्याने चारचौघांत तिच्याकडून कबूल करून घेतलं.

"तू हात लावू नकोस, दादा."

तसली नव्वद व्होल्टची मोठी बॅटरी आता बाजारात मिळत नाही. तिने नऊ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या आणल्या आणि ब्लाउजची टिचबटणं लावावीत तशा एकमेकींत टचाटच बसवल्या. जन्मभर शिवणकाम केल्याचा हा फायदा. तरी घरी लावून बघायचं धाडस झालं नव्हतं. वडिलांचं एवढंच तिच्याकडे उरलं होतं.

तिने बटण फिरवलं. खरखर झाली. मग पेटीतून एक बाई खणखणीत आवाजात हवामान सांगू लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी चक्क टोपी उडवली. धाकटीला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

थोरल्याचं तोंड एवढंसं झालं. "किती व्हॉल्व्ह बदललेस?"

"एकही नाही. हे इतके मंद पेटतात की उजेडात दिसतच नाहीत. तू भर दुपारी गच्चीवर तपासला होतास ना?" तिने डोळे पुसले. "आता एवढंच सांग, दादा. असेच मेलेत म्हणून तू भंगारात घातलेले ते अकरा रेडिओ कुठल्या दुकानात दिलेस?"