अंगठ्याने लिहिलेली अक्षरं

सकाळी पायरीवर मुरगळलेला घोटा यंत्राने तीन मिनिटांत बरा केला. "झालं आजोबा, लिगामेंट जुळलं. चाला आता," यंत्र चालवणारी ऋजुता म्हणाली.

"एवढ्यात? हा काय उपचार झाला?" दिनकर सावर्डेकरांचा आवाज चढला.

तरुणपणी खो-खो खेळताना हाच पाय मुरगळला, तेव्हा सहा आठवडे लागले होते. फिजिओथेरपिस्ट मालविका त्यांना पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढायला लावायची. सूज उतरली, दुखणं थांबलं, तरी ते रोज 'ज्ञ'पर्यंत पोचून सांगायचे, "अजून दुखतंय." थाप तिला कळायची. "मग उद्या परत 'अ'पासून," ती म्हणायची. लग्नानंतर चाळीस वर्षं ती त्यावरून त्यांना चिडवत राहिली. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

सावर्डेकर खुर्चीतून उठलेच नाहीत. त्यांनी पाय उचलला आणि अंगठ्याने हवेत सावकाश 'अ' काढला, मग 'आ'.

ऋजुताने पडद्याकडे पाहिलं. तिथे सगळं ठीक दिसत होतं.

"आजोबा, अजून दुखतंय का?"

"हो," ते म्हणाले, "अजून दुखतंय."