फक्त सूचनांसाठी

टुण्! पहाटेच्या शांततेत फोन वाजला, की सोसायटीची सेक्रेटरी योगिनी चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायची, "उठल्या दुर्गाबाई." मोशीतल्या त्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या दुर्गाबाईंना फोनमधलं एवढंच जमायचं. सोसायटीचा ग्रुप उघडायचा, माइकवर बोट दाबून धरायचं आणि बोलायचं. तेही योगिनीच्या छोट्या मनवानं शिकवलेलं. "काही लागलं तर इथंच सांगायचं हं, आजी!"

मग आजी रोज सांगायच्या. "नळाला पानी बारीक हाय गं." "पेरू लई ग्वाड निघाल्यात, मनवाला धाड."

"वहिनी, ही सोसायटी आहे की आकाशवाणी?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेजारचा धनेश योगिनीला म्हणाला. "टँकरची सूचना सापडत नाही राव!" सगळे हसले, योगिनीही हसली. घरी येऊन तिनं सेटिंग बदललं: आता ग्रुपवर फक्त ॲडमिनच बोलणार. दुसऱ्या दिवशी टँकरची सूचना सगळ्यांना दिसली, ढीगभर अंगठे आले. पहाटे फोन वाजेना, आणि त्याचं कुणाला काही वाटेना.

त्याच आठवड्यात दुर्गाबाईंचं दार तोडावं लागलं. बाथरूममध्ये पाय घसरून त्या पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "वेळेत कळलं असतं तर..." फोन त्यांच्या हातातच होता.

निधनाची सूचना आता फक्त योगिनीच टाकू शकत होती. ती टाइप करत असताना मनवानं तिची ओढणी ओढली.

 

"आई, मी आजींना शिकवलं होतं ना? मग त्यांनी ग्रुपवर का नाही सांगितलं?"