ध्वजस्तंभापाशी ताठ उभा

"ती पाटी आधी काढा!"

शिट्टीबाई संग्रहालयाच्या दारातूनच कडाडल्या. शाळेत कवायत शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. त्या निवृत्त झाल्या तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता.

समोर किनाऱ्यावरच्या किल्ल्याचा जुना फोटो भिंतभर मोठा करून लावला होता. तटावर उंच ध्वजस्तंभ, वर परक्या सरकारचा झेंडा, भोवती शिपाई आणि गर्दी. स्तंभाला अगदी लागून एक माणूस. खाली पाटी : 'ध्वजस्तंभापाशी एक कैदी.'

कैदी! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो माणूस म्हणजे त्यांचे पणजोबा, झेंड्याचे राखणदार. तेव्हा बाजारात या फोटोची छापील कार्डं विकायला असत. त्यातलं एक, तळहाताएवढं, पिवळं पडलेलं, बाईंच्या घरात चौकटीत मानाने टांगलेलं होतं. आजोबा ते दाखवून म्हणायचे, "बघ, माझे वडील कसे उभे आहेत! बाकी सगळे हललेत, पुसट आलेत. हे एकटे ताठ." बाईंनीही हेच सांगून वर्षानुवर्षं पोरांना रांगेत उभं केलं होतं. आणि आता हे कालचे शहाणे त्यांना कैदी ठरवणार?

"कुणाला विचारून लिहिलंत? आमच्या घराण्याची अब्रू वेशीवर टांगलीत!"

संग्रहालयाची अधिकारी बाईंच्या मुलीच्या वयाची. तिने वाद घातला नाही. फोटोवरचा दिवा लावला.

"बाई, जरा जवळ या. त्या काळी फोटो निघायला वेळ लागायचा. जो हलेल तो पुसट. शिपाईसुद्धा हललेत बघा." तिने स्तंभालगतच्या माणसाकडे बोट केलं. "यांना हलता येत नव्हतं."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. छातीवरून दोर गेला होता. घोट्यांवरूनही. घरच्या कार्डावर त्याला सगळे गणवेशाचे पट्टे म्हणायचे.

आजोबांना हे ठाऊक होतं. लहानपणी त्या गर्दीत आईचं बोट धरून आपण उभे होतो, हे त्यांनीच तर सांगितलं होतं. बाईंना आधी त्यांचाच राग आला. जन्मभर थापा मारल्या! मग वाटलं, बापाला असं बांधलेलं पाहून त्या एवढ्याशा पोराने करायचं तरी काय? ज्यांनी बांधलं ते बांधून मोकळे झाले, वर त्याची कार्डं विकली. बाईंनी रागाने पाटीवर हात आपटला.

अधिकारी ओशाळली. "माफ करा. हवं तर 'कैदी' शब्द काढते. नुसतं 'ध्वजस्तंभ' लिहिते."

"खबरदार काढाल तर!" बाई गरजल्या. "पण 'एक कैदी' म्हणजे काय? बेवारस होता का तो? पेन घ्या, नाव सांगते."