मुकुटावरचा मोर

टप्कन हलव्याचा एक दाणा फरशीवर पडला. दुपारच्या शांततेत तेवढाही आवाज मोठा वाटला. मी पाळण्याकडे पाहिलं. बाळ चुळबुळलं, पण उठलं नाही. पाच वाजता त्याचं बोरन्हाण होतं आणि हलव्याच्या मुकुटावरच्या मोराचा पिसारा अजून अर्धाच झाला होता.

"दुकानात तयार मिळतात गं," सासूबाई सकाळीच म्हणाल्या होत्या. मिळतात, पण मला करायचा होता. शाळेत मी टिकल्यांची भेटकार्डं करायचे, लग्नाआधी रुखवतातली बैलगाडी केली. दोन बाळंतपणांनंतर हातांना दुपट्यांच्या घड्यांशिवाय काही ठाऊक राहिलं नव्हतं. ते अजून चालतात का, एवढंच मला बघायचं होतं.

सहा वर्षांची जुई एकेक दाणा पुढे करत होती.

"ओल्या हाताने नको, काटे विरघळतात," मी कुजबुजले.

"माहितेय. मघाशी तूच बोट चाटलंस."

तारेवर दोऱ्याने शेवटचा दाणा बांधला आणि मी मोर उभा केला. पिसारा थरथरला, पण कलला नाही. बाळाला आत्ताच उठवून दाखवावा, असं वाटलं मला. सासूबाई दारातच थबकल्या. "आधी फोटो काढ," म्हणाल्या, "माझ्या माहेरी पाठवते."

जुई मोराकडे टक लावून बघत होती.

"आई, बोरन्हाण झालं की हा सगळ्यांनी खायचा ना?"

"हो."

"मग पहिला दाणा कोण तोडणार?"