विकायला काढलेलं गॅरेज

रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या, तशी वॉटर्लूमधल्या प्रतापच्या गॅरेजात ऑइल चेंजची गिऱ्हाइकं घटली. शेवटी त्याने गॅरेज विकायचं ठरवलं. सह्या करायच्या आदल्या दिवशी मुलगी ऊर्मी एक सर्टिफिकेट घेऊन समोर उभी राहिली.

“बाबा, प्लीज विकू नका. आय कॅन फिक्स ईव्हीज नाऊ.”

“तू तर अकाउंटिंग शिकत होतीस ना?”

“ते दोन वर्षांपूर्वीच सोडलं. तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं नाही.”

प्रताप ओरडलाच. पण दुसऱ्या दिवशी सह्या करायला काही गेला नाही.

आता दारात इलेक्ट्रिक गाडी आली, की तो हात पुसत बाहेर येतो आणि ऐटीत सांगतो, “मी फक्त विंटर टायर बदलतो. बाकीचं आमच्या मॅडमना विचारा.”